दोन बोटें उंची आणि तिचा हिशेब

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे मोटारगाडीविषयींचीं पत्रें वाढलीं आहेत, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्या घरांत एके काळीं सायकल ही चैन समजली जाई, त्या घरांत आज चारचाकी गाडी गरजेच्या यादींत जाऊन बसली आहे. त्यांतहि उंच बांध्याच्या, चारी चाकांना जोर देणाऱ्या, ज्यांना सर्वत्र ‘एस्. यू. व्ही.’ म्हणतात अशा गाड्यांकडे तरुण मंडळींचा ओढा फार. अशाच एका गाडीसंबंधीं आलेलें पत्र या महिन्यांत विचारासाठीं घेतलें आहे.

पत्र लिहिणारे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक असून आपलें नांव प्रसिद्ध होऊं नये अशी त्यांची इच्छा आहे. त्यांच्या घरीं पांच दरवाजांची सुझुकी जिम्नी गाडी आहे. वर्षांतून चार-पांच वेळां सहकुटुंब आंबा घाट उतरून कोंकणांतील मूळ घरीं जाणें होतें. घराकडील शेवटचा दीड किलोमीटर रस्ता जांभ्याचा, पावसानें धुपून गेलेला. तेथें गाडीचें पोट दोन ठिकाणीं घासतें. चिरंजीवांचें म्हणणें, गाडी सरळ चार इंच उंच करून घ्यावी. वडिलांचें म्हणणें, कंपनीनें दिली तशीच ती राहूं द्यावी. आणि घरांतील वयोवृद्ध मातोश्रींचें म्हणणें असें कीं, “मला आतांच गाडींत चढवत नाहीं, तुम्ही ती आणखी वर नेऊन काय करणार?” या तिघांत बरोबर कोण, असा प्रश्न विचारून पत्र संपविलें आहे.

निवाडा देण्यापूर्वीं गाडी उंच होते म्हणजे नेमकें काय होतें, हें समजून घेतलें पाहिजे. गाडीचा सांगाडा चाकांवर थेट बसलेला नसतो. तो स्प्रिंगांवर तोललेला असतो. जुन्या जीपगाड्यांना स्प्रिंगांच्या जागीं पोलादी पाटे असत. आजच्या बहुतेक गाड्यांना वळ्यांच्या स्प्रिंगा असतात. गाडीचा भार स्प्रिंग उचलते. उंची ठरविते ती तीच. तिच्या जोडीला असणारा शॉकॲब्सॉर्बर, ज्याला आपले मेस्त्री ‘शॉकप’ म्हणतात, तो भार उचलीत नाहीं. खड्ड्यांतून गेल्यावर स्प्रिंग पुनःपुन्हां वरखालीं होऊं पाहते. तिची ती हालचाल तेलाच्या साहाय्यानें आवरून तिचें उष्णतेंत रूपांतर करणें, एवढेंच त्याचें काम. हा भेद ध्यानांत न घेतां “नवे शॉकप बसविले कीं गाडी उंच होते” अशा समजुतीनें पुष्कळ पैसा व्यर्थ जातो.

दुसरी गोष्ट, गाडी उंच केली म्हणजे तिचें सर्वच अंग उंच होत नाहीं. जिम्नीला पुढें आणि मागें दोन्हीकडे अखंड आंस आहे. बैलगाडीच्या आंसाप्रमाणें तो एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग जातो, आणि त्याच्या पोटांत डिफरन्शियलचा गोल फुगवटा असतो. स्प्रिंगा कितीहि उंच घातल्या तरी हा आंस जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. कारण तो स्प्रिंगेच्या खालीं आहे. त्याला वर उचलण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे मोठा टायर. जिम्नीच्या १९५/८० आर १५ या टायरचा व्यास हिशेबानें सुमारे ६९३ मिलिमीटर येतो. त्याऐवजीं २१५/७५ आर १५ घातला तर तो ७०३ च्या आसपास जातो; म्हणजे आंस जेमतेम पांच मिलिमीटर वर येतो. म्हणून खडक लागतो तो कोठें, हें आधीं खालीं वांकून पाहावें. आंसाला लागत असेल तर उंच स्प्रिंगेचा कांहींहि उपयोग नाहीं. इंजिनचा चेंबर, चासीचा मधला भाग किंवा दरवाजाखालची पट्टी घासत असेल, तरच पुढील विचाराला अर्थ आहे.

या गाडीचें पोट कंपनीच्या मापानें जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे, आणि दोन चाकांमधील अंतर २५९० मिलिमीटर आहे. लांब गाडीचें पोट उंचवट्याला लवकर लागतें हें उघडच आहे. पांच दरवाजांच्या गाडीला तें तीन दरवाजांच्या गाडीपेक्षां अधिक लागतें तें याच कारणानें. सांगाडा ४० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दोन बोटांच्या रुंदीइतका, वर आला तर ज्या उंचवट्यावर गाडी टेकते त्याच्या कोनांत सुमारें साडेतीन अंशांची भर पडते. कंपनीनें हा कोन २४ अंश सांगितला आहे. धुपलेल्या पाखाडीवर ही भर लहान नव्हे. दोन बोटांचा हा लाभ खरा आहे, हें चिरंजीवांच्या बाजूनें मान्य केलें पाहिजे.

आतां सामानाच्या निवडीकडे वळूं. बाजारांत उंची देण्याचे दोन मार्ग मिळतात. पहिला मार्ग स्प्रिंगेच्या डोक्यावर रबराची किंवा धातूची जाड चकती बसविण्याचा. हा स्वस्त आहे, आणि स्प्रिंग तीच राहत असल्यामुळें गाडीचा मऊपणाहि बिघडत नाहीं. परंतु चकतीनें स्प्रिंगेला मिळणारी जागा कमी होते. मोठ्या धक्क्याच्या वेळीं रबरी ठोकळा सांगाड्याला अडविण्यापूर्वींच स्प्रिंगेचीं वळीं एकमेकांवर बसून लोखंडावर लोखंड आदळण्याचा संभव असतो. शिवाय शॉकप जुनाच ठेवला तर तो नेहमींच चाळीस मिलिमीटर ताणलेल्या स्थितींत राहतो, आणि चाक खड्ड्यांत उतरतांना त्याची लांबी लवकर संपते. खडबडीत वाटेवर चाक जमिनीला धरून राहण्यासाठीं तें खालीं उतरण्यालाच तर खरें महत्त्व आहे. तेव्हां उंची मिळवून पकड घालविली, असें होतें.

दुसरा मार्ग नव्या स्प्रिंगांचा. येथें ग्राहकानें विचारावयाचा मुख्य प्रश्न असा: ही स्प्रिंग उंची देते ती लांबीमुळें, कीं कडकपणामुळें? समजा, गाडीच्या एका कोपऱ्यावर २५० किलोंचा भार आहे आणि त्याखालीं मूळची स्प्रिंग १०० मिलिमीटर दबलेली आहे. स्प्रिंग तेवढ्याच कडकपणाची पण ४० मिलिमीटर लांब घेतली, तर गाडी ४० मिलिमीटर उंच होते आणि चाल पूर्वींसारखीच राहते. उलट लांबी तीच ठेवून नुसत्या कडकपणानें हीच उंची मिळवावयाची म्हटली, तर तीच स्प्रिंग ६० मिलिमीटरच दबली पाहिजे. म्हणजे ती दोनतृतीयांशानें अधिक कडक हवी. मग जी गाडी सेकंदाला दीड वेळ हेलावे ती दोन वेळां हेलावूं लागते. आंकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो. पण ज्यांच्या पाठीचे मणके सत्तर-ऐंशी वर्षांचे आहेत त्यांना तो पहिल्याच दहा किलोमीटरांत कळतो. स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत बदलतो. तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग सुमारें शेहेचाळीस टक्के कडक होते. म्हणून “तार थोडीशीच जाड आहे” या विक्रेत्याच्या वाक्यांतील ‘थोडीशी’ हा शब्द तपासून घ्यावा.

मेलबर्न येथें १९७५ सालीं स्थापन झालेली ‘ए. आर. बी.’ आणि तिचा ‘ओल्ड मॅन ईमू’ हा प्रकार, किंवा त्याच देशांतील इतर उत्पादक, एकाच गाडीसाठीं हलकी, मध्यम आणि भारी अशा भारपरत्वें निरनिराळ्या स्प्रिंगा देतात. ज्या देशांत माणसें पाणी, इंधन आणि तंबू गाडीवर लादून शेंकडों किलोमीटर निर्जन वाटेनें जातात, तेथें ही वर्गवारी उपयोगांतून जन्मली आहे. आपल्याकडे मात्र ‘भारी म्हणजे चांगली’ या समजुतीनें सर्वांत कडक स्प्रिंग घरीं येते. पुढें पोलादी बंपर नाहीं, दोर ओढणारें विंच यंत्र नाहीं, टपावर तंबू नाहीं. अशा गाडीला भारी स्प्रिंग घातली तर ती दबतच नाहीं, सांगितल्यापेक्षां जास्त उंच उभी राहते आणि रिकामी असतांना बैलगाडीसारखी आदळते. नियम असा कीं, वर्षांतून एकदां असणाऱ्या ओझ्यासाठीं स्प्रिंग निवडूं नये. तीनशें दिवस जें ओझें असतें त्यासाठीं निवडावी. प्रस्तुत कुटुंबाला पुढें हलकी आणि मागें, जेथें मुलें, सामान आणि परतीच्या वाटेवरचीं आंब्याफणसांचीं ओझीं असतात तेथें, फार तर मध्यम स्प्रिंग पुरेशी आहे.

शॉकप स्प्रिंगेच्या जोडीनेंच घ्यावा, आणि शक्य तर त्याच उत्पादकाचा घ्यावा. कारण स्प्रिंग कडक झाली कीं तिला आवरणारा हातहि तेवढाच बळकट लागतो. त्याची पूर्ण ताणलेली आणि पूर्ण मिटलेली अशीं दोन्ही मापें विचारावींत. लांब शॉकप मिटल्यावरहि लांबच राहतो. त्यामुळें रबरी ठोकळा लागण्यापूर्वीं तोच तळाला आदळत असेल, तर ठोकळाहि तेवढा लांब करून घ्यावा लागतो. प्रकारांपैकीं दुहेरी नळीचा शॉकप स्वस्त आहे, आणि बाहेरून दगड लागून पोचा आला तरी तो काम सोडीत नाहीं. मात्र लांब खडबडीत वाटेवर तापला म्हणजे त्याचें तेल फेसाळून तो ढिला पडतो. एकेरी नळीचा, दाबाखालचा वायु भरलेला शॉकप लवकर थंड होतो आणि अधिक काटेकोर चालतो. पण त्याच्या नळीला पोचा आला तर आंतील दट्ट्याच अडकतो. दीड किलोमीटरच्या पाखाडीसाठीं वायु भरलेला साधा दुहेरी नळीचा शॉकप पुरे. बाहेर वेगळी तेलाची टाकी लोंबणारे भारी किंमतीचे शॉकप शर्यतीच्या गाड्यांना शोभतात. गृहस्थाच्या गाडीवर तो खर्च म्हणजे घोंगडीला जरीचा कांठ.

उंचीबरोबर इतर अवयवहि जागा सोडतात, आणि येथेंच बहुतेक मेस्त्री घाई करतात. जिम्नीचा पुढला आंस लांब दांड्यांनीं सांगाड्याला जोडलेला आहे. सांगाडा वर गेला कीं या दांड्या तिरप्या होतात व त्यांच्याबरोबर आंसहि किंचित् फिरतो. दांडी ८० सेंटीमीटर लांब धरली तर चाळीस मिलिमीटर उंचीनें सुमारें तीन अंशांचा फरक पडतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होण्याचा जो गुण असतो तो याच कोनावर अवलंबून आहे. तो कमी झाला कीं गाडी महामार्गावर भरकटल्यासारखी वाटूं लागते. त्यावर केंद्र सरकविलेले दुरुस्तीचे बूश मिळतात. ते यादींत हवेतच. आंसाला आडवा धरून ठेवणारा जो पॅनहार्ड रॉड असतो, त्यामुळें आंस कांहीं मिलिमीटर एका बाजूला सरकतो. तो मध्यभागीं आणण्यासाठीं लांबी कमीजास्त करतां येईल असा रॉड घ्यावा लागतो. ब्रेकचे रबरी पाइप आणि चाकापाशीं जाणारी ए. बी. एस्. ची वायर चाक पूर्ण लोंबल्यावर ताणत नाहीं ना, हें गाडी जॅकवर असतांनाच हातानें पाहावें. कांहीं जुन्या गाड्यांत मागच्या आंसाला जोडलेली एक झडप गाडी किती दबली आहे हें पाहून मागच्या ब्रेकचा जोर ठरविते. गाडी उंच झाली कीं तिला गाडी रिकामी आहे असें वाटतें व ती मागचे ब्रेक मऊ करते. घाट उतरतांना हा दोष जिवावर बेतूं शकतो. शेवटीं, बूश पॉलियुरेथेनचे घेतले तर ते टिकाऊ असले तरी चिखलांत कुरकुरतात. कौटुंबिक गाडीला रबरच बरें. आणि त्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आवळावे. जॅकवर आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहून वर्षभरांत फाटतें.

महिंद्र थार ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. २०२० सालच्या नव्या थारला मागें अखंड आंस असला तरी पुढचीं चाकें स्वतंत्र आहेत, आणि स्प्रिंग व शॉकप एकाच जोडणींत बसलेले आहेत. येथें स्प्रिंग चाकापासून आंतल्या बाजूस असल्यामुळें चकतीची जाडी आणि मिळणारी उंची सारखी नसते. स्प्रिंग चाकाच्या सहादशांश हालत असेल, तर २४ मिलिमीटरची चकती चाकापाशीं ४० मिलिमीटर उंची देते. शिवाय चाकाला फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक तिरपे होतात आणि त्यांवरील रबरी टोप्या लवकर फाटतात. म्हणून स्वतंत्र चाकांच्या गाडींत दोन बोटें ही हौसेची नव्हे, यंत्राचीच मर्यादा समजावी. आणि काम झाल्यावर अलाइनमेंट केल्यावांचून गाडी गॅरेजबाहेर नेऊं नये.

आतां चार इंचांच्या हट्टाविषयीं. गाडी उलटण्याला किती विरोध करते याचें एक सोपें माप आहे: दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. अमेरिकेंतील वाहनसुरक्षा खातें हेंच माप वापरतें. रुंदी १४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर आहे असें धरलें, तर उत्तर एक येतें. दोन बोटें उंच केल्यावर, चाकें व आंस जागच्या जागीं राहिल्यामुळें, गुरुत्वमध्य साडेतीन सेंटीमीटर वर गेला असें मानूं, उत्तर ०.९५ येतें. चार इंचांना तें ०.८९ च्या आसपास उतरतें. पांच टक्के हानि सावध चालकाला सांभाळतां येते. अकरा टक्के हानि आंबा घाटाच्या वळणावर, समोरून अचानक बस आली असतां, मागें आजी आणि नातवंडें बसलेलीं असतां, कोणीं सांभाळावी? चिरंजीवांनीं हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

कायद्याची बाजू तर याहूनहि स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलांशीं विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें अनुज्ञा नसलेल्या प्रत्येक बदलाला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. याशिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी या बदलाकडे बोट दाखवूं शकते, आणि गाडीवरील कंपनीची हमी जाते ती वेगळीच. म्हणून कोणतेंहि सामान मागविण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावें, आणि उत्तर लेखीच घ्यावें. गॅरेजवाल्याचें “सगळेच करतात, साहेब” हें उत्तर न्यायालयांत चालत नाहीं.

तेव्हां पत्रलेखकांना आमचा सल्ला क्रमानें असा आहे. प्रथम चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारी बाजूंनीं मोजावें आणि तें अधिकृत दुकानांतील तशाच नव्या गाडीशीं ताडून पाहावें. सततच्या ओझ्यानें स्प्रिंगा बसल्या असतील, तर कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा घातल्यानें गेलेली उंची परत मिळते आणि कायद्याला बाध येत नाहीं. दुसरें, चेंबरखालीं पोलादी संरक्षक पत्रा बसविण्याबाबत अधिकृत दुकानांत विचारावें. पोट घासलें तरी तेल सांडणार नाहीं, ही शाश्वति निम्मी काळजी दूर करते. तिसरें, गणपतीपूर्वीं एक दिवस आधीं जाऊन, दोन गडी आणि एक पहार घेऊन, पोट जेथें लागतें तीं दोन ठिकाणें दुरुस्त करावींत. जांभ्याचा उंचवटा फोडून पुढच्या घळींत भरला तर जी उंची मिळते ती कोणत्याहि स्प्रिंगेपेक्षां स्वस्त पडते, आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांनाहि ती मिळते.

इतकें करूनहि अडचण राहिली आणि लेखी अनुज्ञा मिळाली, तर दोन बोटांपर्यंत जावें. हलक्या वर्गाच्या लांब स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकप, लांब ठोकळे, कोन सुधारणारे बूश आणि कमीजास्त होणारा पॅनहार्ड रॉड असा पूर्ण संच एकाच वेळीं घ्यावा. पैसे कमी पडत असतील तर अर्धा संच घेण्यापेक्षां थांबावें. बसविल्यावर पुढचे दिवे खालीं वळवून घ्यावेत. नाहींतर घाटांत समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाईल. पांचशें किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळून घ्यावेत. चार इंचांचा विचार मात्र सोडून द्यावा.

राहतां राहिल्या मातोश्री. त्यांचें म्हणणें या पत्रांत शेवटीं आलें असलें तरी विचारांत तें आधीं यावयास हवें होतें; कारण गाडी घेतली ती सर्वांना बरोबर नेण्यासाठीं. उंची वाढो वा न वाढो, त्यांच्या बाजूच्या दरवाजाखालीं पक्की पायरी आणि आंत धरावयास भक्कम मूठ, एवढें आधीं करून घ्यावें. तें होईपर्यंत गाडींत एक बुटका लांकडी पाट ठेवावा. सामानांत त्याला फारशी जागा लागत नाहीं.